आठ अक्षरांची किल्ली

काकांना कुणी आपणहून चहा आणून दिला, की ते कपाकडे बघण्याआधी आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचे. याला आज आपल्याकडून काय हवंय? कारण सापडेपर्यंत चहा निवून जायचा आणि मग तो निवलेला चहा ते प्यायचे. टीव्ही केंद्रात चोवीस वर्षं काढली की माणूस असा होतो, असं त्यांचं म्हणणं. बायकोचं म्हणणं वेगळं होतं. पहिल्यांदा तिच्या घरी आले तेव्हाही निघताना त्यांनी तिथल्या दाराची कडी दोनदा हलवून पाहिली होती, तेव्हा केंद्राला उगाच दोष नको. दोघं बाहेर निघाली की काका कुलूप लावत, मग ओढून बघत, मग त्याला जवळजवळ लटकत, आणि जिना उतरून खाली आले की पुन्हा वर जात. बायकोनं त्यावरून भांडणं केव्हाच सोडून दिलं होतं. ती पिशवीत विणकाम ठेवायची आणि जिन्याखाली उभी राहून दोन ओळी विणायची.

त्यांचं काम नेमकं काय, हे घरात कुणाला धड सांगता येत नसे. मुलगी लहान असताना शाळेत सांगायची, माझे बाबा बटणं लावतात. बाईंना वाटलं शिंपी आहेत, आणि त्यांनी एक ब्लाउज पाठवून दिला. पण खरं बघता मुलगी चुकत नव्हती. केंद्रात पन्नासेक ठिकाणांहून चित्र येतं: स्टुडिओ, बाहेरचे कॅमेरे, जुन्या कार्यक्रमांचा साठा. ते पन्नासेक ठिकाणी जावं लागतं: प्रक्षेपणाला, रेकॉर्डिंगला, साहेबांच्या केबिनमधल्या पडद्यावर. मधे एक मोठं यंत्र बसलेलं असतं, त्याला राउटर म्हणतात. कुठलं चित्र कुठे न्यायचं हे राउटरला सांगायला प्रत्येक टेबलावर बटणांची एक पट्टी असते, ते पॅनेल. पॅनेलचं बटण कारखान्यातून कोरं येतं. दाबलं की काय व्हावं आणि त्याच्या तोंडावर कुठलं नाव उजळावं, हे कुणीतरी संगणकावर बसून ठरवून द्यावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे काका. अठरा पॅनेलं, साडेपाचशेच्या वर बटणं, आणि एकूण एक बटण काकांच्या हातचं.

बटणावर आठ अक्षरं मावायची. त्यात यंत्राचं मोजणं असं, की काना वेगळा, वेलांटी वेगळी आणि अक्षराचा पाय मोडला तर तो मोडका पायही वेगळा. 'स्टुडिओ' लिहिलं की सात झाली, मोकळी जागा सोडली की आठ, आणि पुढचा आकडा गेला. त्यामुळे सुरुवातीला तीन स्टुडिओ एकाच नावानं शेजारी शेजारी बसले, तिळ्या भावंडांसारखे. 'हवामानखाते' लिहिलं तर शेवटचं अक्षर गळून 'हवामानखा' एवढंच उरलं, आणि हवामान सांगणाऱ्या गृहस्थाला महिनाभर कँटीनमध्ये लोक विचारत राहिले, काय हो, पोट भरलं का. मग काकांनी ठाण मांडून सगळ्या जगाला आठात बसवलं. कुठे काना कापला, कुठे शब्दच बदलला, कुठे अशी लघुरूपं केली की त्यांचा अर्थ त्यांना आणि देवाला. 'बातम्या१' मात्र काही न कापता बरोबर आठात बसलं. त्या दिवशी त्यांनी घरी येऊन बायकोला ते कागदावर मोजून दाखवलं. केंद्रातल्या एका कविता करणाऱ्या माणसानं त्यांचं नाव 'अष्टाक्षरी' ठेवलं ते यावरून. तोंडावर काका, पाठ फिरली की अष्टाक्षरी. काकांना हे ठाऊक होतं. कोण कोण म्हणतं तेही ठाऊक होतं.

बटणं लावायचा संगणक काकांच्या खोलीत होता आणि खोली जिन्याखाली. खोलीला कुलूप, कपाटाला कुलूप, संगणकाला पासवर्ड. जुन्या साहेबांनी एकदा सहज विचारलं होतं, तो पासवर्ड तुमच्याशिवाय कुणाला माहीत आहे का? काका म्हणाले, कोणी नाही. साहेब समाधानानं गेले. त्यांच्या पाठीमागे काका का हसत राहिले, हे तेव्हा कुणाला कळलं नाही.

आता या अशा माणसाच्या दारात सहा महिन्यांपूर्वी नवा आला. दुसऱ्या केंद्रातून आलेला, चाळिशीतला, डोक्यावर विरळ केस आणि खिशात नेहमी एक वही. नाव होतं त्याला, पण सगळे नवाच म्हणत. हा नवा प्रश्न फार विचारायचा. या बटणाचं नाव असं का? पॅनेल बंद पडलं तर काय करायचं? काका, तुमची एखादी फाइल बघायला मिळेल का? काकांनी ताकास तूर लागू दिली नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. काचेची, बोटानं सरकवायची नवी पॅनेलं येणार अशी कुजबुज होती. अशा वेळी एक माणूस येतो आणि चोवीस वर्षांचं काम बघायला मागतो, यात पाणी मुरत नाही तर काय? हा आपल्या फाइली उचलणार, आपलं काम स्वतःचं म्हणून दाखवणार आणि आपल्याला दोन वर्षं आधीच हार घालून घरी पाठवणार. काकांनी मनात पूर्ण खटला चालवला, निकालही लावला. फक्त पुरावा नव्हता.

तो मिळवायला त्यांनी एक युक्ती केली, आणि त्या युक्तीवर ते बेहद्द खूश होते. मुख्य पॅनेलची खरी फाइल त्यांनी पेनड्राइव्हवर घेतली आणि पेनड्राइव्ह शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला. संगणकावर मात्र तशीच दिसणारी दुसरी फाइल ठेवली, नाव दिलं 'अंतिम'. संगणकातलं काही बदलायला पासवर्ड लागे, पण टेबलावरच्या पॅनेलमधून तारेनं फाइल नुसती ओढून घेता येत असे. त्या फाइलीत बटणांची नावं जिथल्या तिथे, पण दोन बटणांचं पोट बदललेलं: 'बातम्या१' दाबलं तर तालमीच्या स्टुडिओचं चित्र येणार आणि 'तालीम' दाबलं तर बातम्यांचं. नव्यानं ती चोरून आपल्या टेबलावरच्या चाचणीच्या पॅनेलमध्ये भरली, की हा उलटापालटा कारभार तिथे दिसणार आणि चोर मुद्देमालासकट हातात. फाइल ठेवून तीन आठवडे झाले. काका रोज काहीतरी निमित्त काढून नव्याच्या टेबलावरून जायचे आणि दोन बटणं दाबून बघायचे. चोर काही सापडेना. त्यावरून काकांनी एवढंच ताडलं की चोर फार हुशार आहे.

मुख्य पॅनेलवर दिवसाच्या पाळीला ताई बसायच्या. केंद्रात सतरा वर्षं, दरवर्षी नवा करार, आणि सतरा वर्षांत एकही चूक त्यांच्या नावावर नाही. घरी अंथरुणाला खिळलेली सासू होती आणि कॉलेजातला मुलगा, आणि या दोघांची सगळी मदार ताईंच्या या खुर्चीवर. डोळे समोरच्या पडद्यांवर, कान हेडफोनमध्ये, आणि बोटं आपली आपण पॅनेलवर फिरताहेत, असं त्यांचं काम. काकांचे अगम्य शब्द त्यांना पाढ्यांसारखे पाठ होते. नवं नाव लावलं की त्या एकदा विचारून घेत, दोनदा पुटपुटत, संपलं. साऱ्या केंद्रात काकांना कधी उलट प्रश्न न विचारणारं माणूस हे एकच. काकांना त्याचाही अधूनमधून संशय यायचा.

मग तो मंगळवार आला. दुपारी एकच्या बातम्या. सुरुवातीचं संगीत संपलं आणि ताईंनी 'बातम्या१' दाबलं. पडद्यावर बातम्या देणारी बाई यायला हवी होती. आला आरोग्याच्या कार्यक्रमाचा निवेदक. तालमीच्या स्टुडिओत टेबलावर पाय पसरून तो सोबतच्यांना साहेबांची नक्कल करून दाखवत होता: बोलायच्या आधी साहेब कसे तीनदा खाकरतात आणि चष्मा कसा कपाळावर चढवतात. नक्कल सुरेख होती, अकरा सेकंद चालली आणि सगळ्यांनी पाहिली. साहेबांनी ती आपल्या केबिनमध्ये, समोर पाहुणे बसलेले असताना पाहिली. ताईंनी 'बातम्या१' पुन्हा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं, मग 'क्षमस्व'ची पाटी लावली आणि शेजारच्या राखीव पॅनेलवरून बातम्या सुरू केल्या.

काका डबा अर्धवट टाकून धावत आले. तक्रार कुठलीही असो, त्यांचा इलाज ठरलेला होता. काही न विचारता आतल्या खिशातला पेनड्राइव्ह काढायचा, शुद्ध फाइल पॅनेलमध्ये भरायची, मग सगळ्यांसमोर बटण दाबून दाखवायचं. तसंच त्यांनी केलं. 'बातम्या१' दाबलं. बातम्यांचा स्टुडिओ आला. पुन्हा दाबलं. पुन्हा तोच. साहेब तोवर दारात येऊन उभे होते.

"बघा," काका म्हणाले, "बटण ठीक आहे."

"मी बातम्याच दाबलं होतं, काका," ताई म्हणाल्या. "तीनदा दाबलं."

"बटण कधी चुकत नाही, ताई."

ताईंनी हेडफोन काढून नीट गुंडाळला आणि टेबलावर ठेवला. आणि तेवढ्यात काकांची नजर त्या बटणाच्या कडेला गेली. तिथे लाल ठिपका होता, मोहरीएवढा. नेलपॉलिशचा. बोटाला न बघता बटण सापडावं म्हणून ताईंनी तो कधीकाळी लावला होता, नऊ-दहा वर्षं तरी झाली असतील. काकांना तो आज दिसला. म्हणजे बाई न बघता बटणं दाबतात. म्हणजे आपल्या पॅनेलला आपल्याला न विचारता कुणीतरी हात लावलाय. त्यांनी खिशातलं ब्लेड काढलं आणि ताईंच्या देखत तो ठिपका खरवडून काढला.

साहेबांनी लेखी अहवाल मागितला. काकांनी बुधवारी सकाळीच दिला, सुवाच्य अक्षरात. पॅनेल तपासले असता निर्दोष आढळले. कर्मचारी बटणाकडे न पाहता काम करतात असे दिसते, सबब चूक हाताळणीची आहे. लिहिताना त्यांना बरं वाटत होतं, हे इथे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. ताईंबद्दल त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण माणूस आणि बटण यांच्यात एकच खरं असेल, तर ते कुणाच्या बाजूनं उभे राहणार हे ठरलेलंच होतं.

संध्याकाळी जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, अर्थात आपल्या बाजूनं. बायको विणकामातला चुकलेला टाका उसवत ऐकत होती.

"पण त्या बटणाच्या आतलं कुणी बदललं असेल तर?" तिनं विचारलं.

काका हसले. बदलायला संगणकात शिरावं लागतं आणि त्याचा पासवर्ड जगात एकाच माणसाकडे आहे, हे त्यांनी तिला अभिमानानं समजावून दिलं.

"मग बदललेलं निघालं तर तुमच्यावरच येईल की," बायको म्हणाली, आणि टाका सापडला म्हणून खूश होऊन पुढचं विणू लागली.

काकांना राग आला. या बाईला कामातलं काही कळत नाही असं म्हणून ते उठले आणि दाराची कडी बघून आले. झोपायच्या आधी आणखी एकदा बघून आले.

गुरुवारी दुपारी निकाल लागला. ताईंना सोमवारपासून पॅनेलवर बसवायचं नाही, महिनाअखेरीला संपणारा करार पुढे वाढवायचा नाही. केंद्रात सगळे एकदम हळू बोलायला लागले. काका कँटीनमध्ये गेले तर कोपऱ्यातल्या टेबलावर ताई आणि नवा समोरासमोर, मधे ती वही. ताईंचे डोळे लाल होते, पण बोट वहीवर होतं आणि त्या काहीतरी समजावून सांगत होत्या. काकांच्या मनात पाल चुकचुकली. म्हणजे या दोघांचं संगनमत आहे तर! नव्यानं फाइल उचलायची, ताईंनी बटण दाबायचं, पॅनेल बदनाम करायचं, मग काचेची पॅनेलं मागवायची आणि अष्टाक्षरीला घरी पाठवायचं. सुतावरून स्वर्ग गाठायला त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत. ताई उठून गेल्या, नवा हात धुवायला गेला, वही टेबलावरच राहिली. काकांनी इकडेतिकडे बघून ती उघडली.

वहीत त्यांचीच नावं होती. साडेपाचशे बटणांची, एकेका पानावर एकेक पॅनेल, प्रत्येक लघुरूपापुढे त्याचा पूर्ण अर्थ. निम्मं अक्षर नव्याचं, निम्मं ताईंचं. पहिल्या पानावर ताईंच्या अक्षरात लिहिलं होतं: काकांची नावं पाठ करून घ्या, मग चूक होत नाही. शेवटच्या भरलेल्या पानावर आजची तारीख होती. म्हणजे नोकरी गेल्याचं कळल्यावरही बाई बसून नव्याला काकांची भाषा शिकवत होत्या. काका ती ओळ वाचत उभे राहिले. पण संशयाची सवय कशालाही पुरून उरते. गोड लिहून काम काढून घेण्याची ही रीत असते, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि वही होती तशी ठेवून ते आपल्या खोलीत गेले. आता पुरावा काढायचाच. फाइलीला कुणी कधी हात लावला, कुठल्या पॅनेलनं कुठली फाइल कधी घेतली, याची नोंद संगणकात आपोआप होते. 'अंतिम' कुणी उचलली ते त्या नोंदीत मिळणार होतं.

मिळालं. तीन आठवड्यांत त्या फाइलीला एकदाच हात लागला होता. मंगळवारी सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी. उचलणाऱ्याचं नाव: पॅनेल एक.

काकांनी ती ओळ चारदा वाचली. मग त्यांना आठवलं की मंगळवारी सकाळी विजेची माणसं आली होती. मुख्य कपाटातल्या बॅटऱ्या बदलायला त्यांनी पॅनेल एकचा, म्हणजे ताईंच्या मुख्य पॅनेलचा, वीजपुरवठा चारेक मिनिटं बंद केला होता. आणि पॅनेल बंद होऊन सुरू झालं की ते रिकाम्या पोटी उठतं आणि संगणकावर शेवटी जपून ठेवलेली फाइल आपली आपण उचलतं. ही सोय नऊ वर्षांपूर्वी केली होती. काकांनीच केली होती. या संगणकातून फाइल उचलेल तो चोरच असेल, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं, आणि वर्षानुवर्षं बिनतक्रार त्यांच्याच हातून जेवणारं पॅनेल त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

म्हणजे ताईंनी बातम्याच दाबलं होतं. तीनदा. आणि काकांनी धावत येऊन, खिशातली शुद्ध फाइल भरून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत स्वतःचाच पुरावा पुसून टाकला होता.

खोलीचं दार बंद होतं. नोंद दुसऱ्या कुणाला दिसणार नव्हती, कारण आत यायचा रस्ता एकट्या त्यांना माहीत होता. 'अंतिम' पुसायला एक बटण पुरे होतं. सोमवारी ताई जातील, नवा त्या जागेवर बसेल, दोन वर्षांनी आपल्याला हार मिळेल, कुणाला काही कळणार नाही. हे सगळं त्यांच्या मनात आलं. नाही आलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. पुसण्याच्या बटणावर त्यांनी बोटही ठेवलं. मग त्यांना दिसलं की आपण मान खाली घालून, नीट वाचून, बघून ते बटण दाबतोय. ताई न बघता दाबत होत्या आणि बरोबर होत्या. काकांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी हात मागे घेऊन मांडीखाली दाबून ठेवला, लहान मुलाला ठेवायला सांगतात तसा.

शुक्रवारी सकाळी ते साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि चूक ताईंची नव्हती, माझी होती, असं उभ्या उभ्या सांगून टाकलं. साहेब तीनदा खाकरले. चष्मा कपाळावर गेला. बुधवारी तुम्हीच लिहून दिलंत आणि शुक्रवारी तुम्हीच फिरवताय, असं त्यांचं म्हणणं पडलं. काकांनी सापळ्याची गोष्ट सांगितली, तेव्हा तर साहेबांचा संशय पक्काच झाला.

"कुणाला वाचवताय तुम्ही?" साहेब म्हणाले. "ताई घरी येऊन रडल्या का तुमच्याकडे?"

चोवीस वर्षं सगळ्या जगाकडे ज्या नजरेनं काका बघत आले, ती नजर त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा समोरून पाहिली. तिच्यापुढे खरं बोलून काही उपयोग नसतो हेही त्यांना तेव्हाच कळलं. ते म्हणाले, माझ्या शब्दावर जाऊ नका. त्या नव्याला बोलवा, तो स्वतः संगणक उघडून बघेल. आणि ताईंनाही बोलवा.

जिन्याखालच्या त्या खोलीत एका वेळी दोनच माणसं उभी राहू शकत. त्या दिवशी चार राहिली. साहेब दारात, ताई भिंतीला टेकून, काका कपाटाजवळ, आणि काकांच्या खुर्चीवर, जिच्यावर काकांखेरीज कुणी कधी बसलं नव्हतं, नवा.

"या संगणकात तुमच्याशिवाय आणखी कोण जाऊ शकतं?" साहेबांनी विचारलं.

"कोणी नाही," काका म्हणाले.

नव्यानं कळफलकावर बोटं ठेवली आणि मान न वळवता विचारलं, "पासवर्ड काय आहे, काका?"

"कोणी नाही."

नव्याला वाटलं त्यांना ऐकू गेलं नाही. साहेबांना वाटलं म्हातारा आता सांगायला तयार नाही. ते पुढे काही बोलणार इतक्यात ताई बोटांवर मोजत हळूच म्हणाल्या, "तोच आहे तो. मोजून बघा."

"जोडून लिहा," काका म्हणाले. "कोणीनाही. काना, मात्रा, वेलांटी धरून बरोबर आठ होतात."

नव्यानं लिहिलं. संगणक उघडला. कुणी हसलं नाही.

पुढचं सगळं नव्यानं केलं, काकांनी कशालाही हात लावला नाही. नोंद निघाली, मंगळवार, अकरा सात. मग वर जाऊन, पॅनेलचं चित्र बाहेर न जाता फक्त चाचणीच्या पडद्यावर येईल अशी व्यवस्था करून, नव्यानं 'अंतिम' फाइल मुख्य पॅनेलमध्ये भरली. साहेबांनी ताईंना बटण दाबायला सांगितलं. ताईंनी समोर बघत 'बातम्या१' दाबलं. पडद्यावर तालमीचा स्टुडिओ आला: रिकामं टेबल, रिकामी खुर्ची. मंगळवारी जिथे आरोग्यवाल्या निवेदकाचे पाय होते तिथे आता कुणीतरी फुलदाणी ठेवली होती. साहेब बराच वेळ फुलदाणीकडे बघत राहिले, मग ताईंना म्हणाले की तुम्ही सोमवारी नेहमीच्या वेळेला या, आणि कराराचे कागद मी आज सही करून खाली पाठवतो. काकांना त्यांनी लेखी ताकीद दिली. पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड चार जणांना माहीत आहे आणि आठ अक्षरांत बसत नाही.

काकांनी ताईंची माफी मागितली. सगळे गेल्यावर, पॅनेलपाशी, हात जोडून. ताई म्हणाल्या, जाऊ द्या काका, होतं असं. पण हे म्हणताना त्यांनी काकांकडे पाहिलं नाही. पदराच्या टोकानं त्या बटणांवरची धूळ पुसत राहिल्या, नव्हती तरी.

सोमवारी काका जरा लवकर आले. बायकोच्या पेटीतली लाल नेलपॉलिशची बाटली त्यांनी रुमालात गुंडाळून आणली होती. काय करणार आहात, असं बायकोनं विचारलं तेव्हा त्यांनी सगळं खरं सांगितलं. मग दोघं घराबाहेर पडली तेव्हा काकांनी कुलूप एकदाच लावलं, आणि बायको विणायची सुई हातात धरून बघतच राहिली. मुख्य खोलीत अजून कुणी नव्हतं. 'बातम्या१'च्या कडेला ब्लेडचे ओरखडे होते, त्यांवर काकांनी काडीच्या टोकानं ठिपका ठेवला आणि तो वाळेपर्यंत फुंकर मारत वाकून उभे राहिले. ताई आल्या, त्यांनी ठिपका बघितला, बोटानं चाचपला. "बरोबर जागेवर आहे," त्या म्हणाल्या. काकांना वाटलं, झालं, मिटलं.

एक वाजला. संगीत संपत आलं. काका मागे दाराशी उभे होते. ताईंचं बोट ठिपक्यावर गेलं आणि थांबलं. त्यांनी पडद्यावरची नजर काढली, मान खाली घातली आणि बटणावरचं नाव ओठ हलवत वाचलं. मग दाबलं. बातम्या देणारी बाई आली, हसली, नमस्कार म्हणाली. सगळं बिनचूक झालं.

मंगळवारीही त्यांनी खाली बघितलं, बुधवारीही. सतरा वर्षं त्यांना कधी खाली बघावं लागलं नव्हतं. आता बघतात, दर वेळी. एकच्या बातम्यांच्या वेळी काका त्या खोलीत थांबत नाहीत.